फोन गेला, वायर राहिली

मागच्या वेळी वायफायच्या एका प्रश्नाला उत्तर देता देता मी सहज एक वाक्य टाकलं होतं, की घरात जुने फोनचे पॉइंट असतील तर त्यांच्या मागे कुठली वायर आहे ते एकदा उघडून बघा, कदाचित तयार नेटवर्क भिंतीत झोपलेलं असेल. त्या एका वाक्यावर इतके प्रश्न आलेत की आजचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाकतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेले थोडे छाटलेत, रागावू नका.

प्रश्न : घर बांधतानाच प्रत्येक खोलीत फोनचा पॉइंट काढून ठेवला होता. लँडलाईन बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता ह्याच वायरींवर कंप्युटरचं नेटवर्क चालेल का? मुलगा म्हणतो नुसते सॉकेट बदलले की झालं, इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळं उखडावं लागेल. कोणाचं ऐकू?

उत्तर : काका, अजून कोणाचंच ऐकू नका, आधी स्क्रूड्रायव्हर घ्या. पण त्याच्याही आधी लाइन खरंच मेलेली आहे ना ते बघा, कारण चालू लँडलाईनवर फोन नुसता ठेवलेला असला तरी साधारण ४८ व्होल्ट डीसी असतात आणि रिंग वाजते तेव्हा ९० च्या आसपास एसी, म्हणजे हाताला झटका बसतोच आणि चुकून हे नेटवर्कच्या स्विचच्या (म्हणजे अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या डब्याच्या) पोर्टमध्ये घुसलं तर पोर्ट गेलं समजा. बाहेरची लाइन घरात जिथे शिरते तिथेच ती आतल्या वायरींपासून सोडवा, टोकांना टेप मारा, बाजूला ठेवा. मग निवांत एक प्लेट उघडा.

वायर चार बोटं बाहेर ओढा आणि मोबाईलचा टॉर्च मारून वरच्या आवरणावरची अक्षरं वाचा. बारीक छापलेली असतात, थोड्या थोड्या अंतराने तीच ओळ परत येते, त्यामुळे एका जागी पुसली असेल तर जरा पुढे शोधा. कॅट ५ई किंवा कॅट ६ लिहिलेलं दिसलं (कॅट म्हणजे केबलचा दर्जा, आकडा मोठा तितकी केबल वरची) तर तुमचा मुलगा बरोबर. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं बरं का, फोनसाठी म्हणून चक्क कॅट ५ई टाकलेली असते, त्यातली फक्त निळी जोडी स्क्रूखाली दाबलेली आणि बाकीच्या सहा तारा मागे गुंडाळून, कधी कधी आवरणाच्या काठापाशीच कापून टाकलेल्या. कापलेल्या असल्या तरी हरकत नाही, बॉक्समध्ये थोडी जास्तीची केबल असते, आवरण आणखी इंचभर मागे सोला की आठही तारा परत हातात.

कॅट ३ असेल किंवा काहीच लिहिलेलं नसेल तर तारा मोजा आणि पीळ बघा. पीळ हीच सगळी गंमत आहे. जोडीतल्या एका तारेतून सिग्नल जातो, दुसरीतून तोच उलटा करून जातो, वाटेत बाहेरचा जो काही गोंगाट घुसतो तो पिळामुळे दोघींवर जवळजवळ सारखाच बसतो, पलीकडच्या टोकाला दोघींची वजाबाकी केली की गोंगाट उडून जातो आणि सिग्नल उरतो. ही युक्ती कंप्युटरवाल्यांची नाहीच मुळी, ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच टेलिफोनसाठी पिळाच्या तारांचं पेटंट घेतलं होतं. नेटवर्कच्या केबलमध्ये पीळ जास्त घट्ट असतो आणि चारही जोड्यांचा वेगवेगळा असतो, म्हणजे शेजारणींनी एकमेकींचं ऐकू नये.

तेव्हा हिशोब असा. १९९० मधलं १० एमबीपीएसचं (सेकंदाला १० मेगाबिट) इथरनेट, म्हणजे वायरीवरचं कंप्युटर नेटवर्क, दोन जोड्यांवर साध्या कॅट ३ फोनच्या वायरीवरही चालायचं. १९९५ चं १०० एमबीपीएस पण दोनच जोड्या मागतं, फक्त वायर कॅट ५ च्या तोडीची हवी. आणि १९९९ मध्ये आलेलं गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, चारही जोड्या मागतं, एक जरी तार कमी पडली तर गिगाबिट विसरा. सपाट वायर असेल किंवा चार तारा नुसत्या शेजारी शेजारी झोपलेल्या असतील, पीळच नसेल, तर तुमचा इलेक्ट्रिशियन बरोबर, पण ‘उखडायचं’ का ते खाली येतंय.

प्रश्न : तुमचं ते वाक्य वाचून प्लेट उघडली, कॅट ५ई निघाली, घरात मिरवून झालं. पण प्रत्येक बॉक्समध्ये एक नाही, दोन दोन केबल आहेत आणि दोन्हीच्या निळ्या तारा एकाच स्क्रूखाली. पाच खोल्या आहेत. सगळ्या केबल एका जागी येतायत असं कुठेच दिसत नाही. आता?

उत्तर : म्हणजे तुमच्याकडे माळ ओवलेली आहे. पहिल्या खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. फोनला हे चालतं कारण सगळे फोन एकाच लाइनवर पॅरलल लटकलेले असतात. नेटवर्कला नाही चालत, तिथे केबलच्या एका टोकाला एकच यंत्र आणि दुसऱ्या टोकाला एकच, मध्ये फाटा नको. दोन्ही केबलच्या तारा एकाच जॅकमध्ये ठोकू नका, काही जण ठोकतात आणि मग मला लिहितात.

पण माळ वाया जात नाही. प्रत्येक बॉक्सला दोन जॅकवाली प्लेट लावा, येणाऱ्या केबलला एक जॅक आणि जाणाऱ्या केबलला एक. ज्या खोलीत कंप्युटर, टीव्ही वगैरे आहे तिथे छोटा पाच पोर्टचा स्विच ठेवा आणि दोन्ही जॅक त्याला जोडा. ज्या खोलीत काहीच नाही तिथे दोन जॅकमध्ये एक वीतभर पॅच कॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली छोटी केबल) लावून टाका, केबल पुढे चालू. उद्या तिथे काही आलं की कॉर्ड काढून स्विच. एका स्विचपासून पुढच्या स्विचपर्यंत १०० मीटरची मर्यादा असते, कॉर्डसकट, घरात तेवढं सहसा होतच नाही.

ह्याचे तोटे दोन. मधल्या खोलीतला स्विच कोणी मोबाईल चार्ज करायला उपटला की पुढच्या सगळ्या खोल्या बंद, मग घरभर आरडाओरडा. आणि सगळ्यांचा ट्रॅफिक त्या एकाच केबलवरून राउटरकडे जातो, पण गिगाबिट असेल तर घरच्या वापरात ते कळत पण नाही. जमलं तर राउटर माळेच्या मध्यावर ठेवा. आणि हो, कधी कधी माळेची दोन्ही टोकं फिरून एकाच जागी आलेली असतात, तसं असेल तर दोन्ही टोकं स्विचना जोडू नका, साध्या स्विचमध्ये असा गोल तयार झाला की डेटाचं तेच पॅकेट गरागरा फिरत राहतं आणि पूर्ण नेटवर्क आडवं होतं. एक टोक मोकळं सोडा.

जोड तोडण्याआधी प्रत्येक केबलला चिठ्ठी लावा. हे मी हक्काने सांगतोय कारण मी लावली नव्हती. उत्साहात सगळ्या प्लेटा उघडल्या, सगळे जोड तोडले, मग हातात एकसारख्या आठ पांढऱ्या शेपट्या आणि कुठली कुठे जाते पत्ता नाही. शेवटी मल्टीमीटरने सुटलो. एका बॉक्समधल्या पहिल्या केबलची निळी जोडी सोलून दोन तारा एकमेकींना पिळल्या, दुसऱ्या केबलची नारिंगी जोडी तशीच पिळली, आणि मीटर बीपवर टाकून बाकीच्या खोल्यांत फिरलो. निळ्यावर बीप आला तर ती पहिली, नारिंगीवर आला तर दुसरी. दोन रंग वापरल्यामुळे एका फेरीत दोन केबल कळतात. तरी संध्याकाळ गेलीच.

प्रश्न : आमच्याकडे वायर चार तारांची आहे, पिळाची, पण कॅट वगैरे काही लिहिलेलं नाही. वायर भिंतीतल्या पाईपमधून गेलीये. आमचे हे म्हणतात १०० ची स्पीड मिळाली तरी पुरे, कशाला खटपट. मला फोटो आणि व्हिडिओ एका कंप्युटरवरून दुसऱ्यावर टाकायचे असतात, रोजचं काम आहे. पटवून द्या त्यांना.

उत्तर : ताई, आकडा दाखवा त्यांना. ५० जीबीचे व्हिडिओ १०० एमबीपीएसवर टाकायला कमीत कमी तासाच्या वर जातो, गिगाबिटवर तेच सात-आठ मिनिटांत. त्यात तुमची वायर कॅट ५ नाहीच असं वाटतंय, मग १०० पण नीट टिकेल याची खात्री नाही. छोट्या लांबीवर चालून जातं कधी कधी, करून बघायला हरकत नाही, पण रोजचं काम असेल तर नवीन टाका.

आणि तुमचं नशीब की पाईप आहे. वायर भिंतीत नुसती पुरलेली किंवा आतून पिना मारून ठोकलेली असती तर ती हलली पण नसती. आधी बघा, एका टोकाने कोणीतरी हलकं ओढायचं आणि दुसऱ्या टोकाला वायर आत सरकते का बघायचं. सरकली तर जुनी वायर म्हणजे तुमची दोरी. पण नवीन केबल थेट तिला बांधू नका, आधी जुन्या वायरीला नायलॉनची मजबूत दोरी बांधून ती आरपार काढा, कारण जुनी वायर मधेच तुटली तर पाईप रिकामा आणि मग वायर ओढायची स्प्रिंग घालत बसावं लागतं. दोरी आली की तिला केबल बांधा. गाठीचा गोळा होऊ देऊ नका, केबलचं आवरण थोडं सोलून तारा मागेपुढे कापा म्हणजे टोक निमुळतं होतं, दोरी त्यांच्याशी विणून घ्या, वरून टेप ओढून गुंडाळा, शेवटचा वेढा निसटता नको. एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाला केबल भरवायची, हे भरवणारं माणूस जास्त महत्त्वाचं, तिथे तुमच्या ह्यांना उभं करा. अडलं तर दोन पावलं मागे घ्या, परत पुढे, हिसका मारू नका, जोरात खेचली की आतले पीळ ताणले जातात आणि वरून केबल अगदी चांगली दिसते. केबल ओढायची जेल मिळते ती लावा. दोन केबल मावत असतील तर दोन टाका, आणि त्यांच्याबरोबर एक मोकळी दोरी पण आत सोडून ठेवा.

त्या पाईपमधून लाईटची वायर जात असेल तर मात्र थांबा. मेन्सची वायर आणि नेटवर्क एका पाईपात नाही टाकायचं, नुसत्या गोंगाटाचा प्रश्न नाहीये, इन्सुलेशन खराब झालं तर २३० व्होल्ट थेट कंप्युटरपर्यंत येतील. भिंतीत वेगळ्या जागेतून जाताना पण थोडं अंतर ठेवा, आडवं जावंच लागलं तर काटकोनात.

प्रश्न : सगळं स्वतः केलं. केबलचा टेस्टर लावला, एक ते आठ सगळे दिवे क्रमाने लागतायत. तरी कंप्युटर कधी १०० वर जोडतो, कधी मधेच लिंक तुटते. तीन वेळा क्रिम्पिंग केलं (तारा प्लगमध्ये दाबून बसवल्या), कनेक्टर संपले. केबल खराब आहे का?

उत्तर : तुम्ही रंगांचा क्रम लिहून पाठवलात ते फार बरं केलं, कारण रोग तिथेच दिसतोय. तुम्ही पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, हिरवा, पांढरा-निळा, निळा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असं लावलंय, दोन्ही टोकांना अगदी तसंच. दिसायला छान, जोड्या शेजारी शेजारी. टेस्टर पण खूश, कारण त्याला फक्त एवढंच कळतं की इकडची तीन नंबरची तार तिकडे तीन नंबरलाच निघाली का. पण इथरनेटच्या हिशोबाने ३ आणि ६ ही एक जोडी आहे आणि ४ आणि ५ ही दुसरी. तुमच्या ३ वर पांढरा-हिरवा आणि ६ वर निळा, म्हणजे ज्यांनी एकमेकींभोवती पिळलेलं असायला हवं त्या दोघी वेगवेगळ्या घरच्या. पीळ आहे पण चुकीच्या तारांमध्ये, त्यामुळे एका जोडीचं बोलणं दुसरीत सांडतंय. ह्याला स्प्लिट पेअर म्हणतात आणि साध्या दिव्यांच्या टेस्टरला ते जन्मात दिसत नाही.

क्रमाच्या ए आणि बी अशा दोन पद्धती आहेत, त्यातला बी पद्धतीचा बरोबर क्रम असा लावा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळ्या जोडीला मध्ये घेऊन बसते. हा वेडावाकडा क्रम कोणाच्या डोक्यातून आला असं सगळे विचारतात, तर तो फोनचाच वारसा आहे. फोनच्या प्लगमध्ये पहिली लाइन मधल्या दोन पिनांवर आणि दुसरी लाइन तिच्या दोन्ही बाजूंना, तीच मधली मांडणी आठ पिनांच्या जॅकमध्ये तशीच ठेवली. ए पद्धतीत नारिंगी आणि हिरव्याची अदलाबदल असते, दोन्ही सारख्याच चांगल्या, फक्त दोन्ही टोकांना एकच वापरा.

आणि भिंतीतल्या केबलला थेट प्लग कशाला क्रिम्प करताय? भिंतीतल्या केबलची तार एकसंध असते, सारखी वाकवली की मोडते. तिला कीस्टोन जॅक, म्हणजे प्लेटमध्ये बसणारं सॉकेट, लावा, पंचिंग टूलने तार खाचेत बसवली की टक्क असा आवाज येतो आणि जास्तीचं टोक आपोआप कापलं जातं, क्रिम्पिंगपेक्षा नवशिक्याला सोपं आहे ते. जॅकच्या बाजूला ए आणि बी चे रंग छापलेले असतात, ते बघून लावायचं, प्लगचा क्रम पाठ करायची पण गरज नाही. पीळ उलगडायचा तो खाचेपर्यंत, १३ मिलीमीटरच्या वर नाही. मी लोकांनी तीन तीन इंच सरळ केलेल्या तारा बघितल्यात, कंगव्याने विंचरल्यासारख्या.

लावून झालं की कंप्युटरच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १००० दिसायला हवं. १०० दिसलं तर चारपैकी एखादी जोडी लागलेली नाही असं समजून आधी जॅक परत ठोका, केबलवर आळ नंतर.

प्रश्न : लँडलाईन चालू ठेवायची आहे. एकाच केबलमधून फोन आणि नेटवर्क दोन्ही नेता येईल?

उत्तर : येतं, निळी जोडी फोनला आणि नारिंगी-हिरवी १०० एमबीपीएसला. पण मी नाही सांगणार तसं करायला. गिगाबिट हातचं जातं, आणि वर म्हटलेलं रिंगचं व्होल्टेज त्याच आवरणात फिरत राहतं, कोणी पुढे तारांची गल्लत केली की संपलं. फोनचं कनेक्शन राउटरमधूनच येत असेल तर फोन राउटरशेजारी ठेवा आणि कॉर्डलेस घ्या. आणि फोनचा छोटा प्लग नेटवर्कच्या जॅकमध्ये बसतो म्हणून खुपसू नका, त्याच्या कडा जॅकच्या बाहेरच्या पिना दाबून वाकवतात.

प्रश्न : नवीन केबल घ्यायचीच तर कॅट ७, कॅट ८ घेऊ का? एकदाच खर्च.

उत्तर : नको. कॅट ८ ही डेटा सेंटरमधल्या छोट्या अंतरांसाठी आहे, जाड, ताठ, पाईपात वळवताना रडवते. कॅट ६ घ्या, ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटसुद्धा झेपतं तिला. आणि भिंतीत आधीच कॅट ५ई असेल तर ती काढायच्या भानगडीत पडू नका, २०१६ चं २.५ गिगाबिटचं स्टँडर्ड खास अशा जुन्या केबलसाठीच आणलंय.

कॅटच्या आकड्यापेक्षा तार कशाची आहे ते बघा. सीसीए लिहिलेलं असेल तर परत करा, ती आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. लिहिलेलं नसेल आणि शंका असेल तर ब्लेडने तार खरवडा, आत पांढरी चमक दिसली की समजायचं. तीच केबल पुढे कॅमेऱ्याला वीज द्यायला वापरलीत तर तांब्यापेक्षा जास्त तापते, शिवाय पंच करताना तुटते.

प्रश्न : वायफाय असताना हा उद्योग कशाला?

उत्तर : मोबाईलसाठी नकाच करू. पण जे यंत्र जागचं हलत नाही, म्हणजे टीव्ही, डेस्कटॉप, बॅकअपची डिस्क, त्यांना वायर दिली की वायफायवरची गर्दी कमी होते आणि मोबाईललाच बरं वाटतं. शिवाय लांबच्या खोलीत दुसरा वायफायचा डबा लावायचा असेल तर त्याच्यापर्यंत वायर असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

प्रश्न : मागच्या अंगाला वेगळी खोली आहे, तिकडे पूर्वी फोनची वायर हवेतून नेलेली, अजून लोंबतेय. तिच्या जागी कॅट ६ टाकू का? साधारण ४० मीटर.

उत्तर : लांबी चालेल, पण तांब्याची वायर दोन इमारतींच्या मध्ये उघड्यावर टाकू नका. वीज जवळपास कुठे कडाडली तरी अशा वायरीत मोठा झटका उमटतो आणि दोन्हीकडची यंत्रं एकदम जातात, शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असेल तर तो फरक पण त्याच वायरीवर येतो. इथे फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेच्या तारेची केबल, टाका. दोन्ही टोकं आधीच बसवलेली केबल तयार मिळते, दोन्हीकडे फायबर आणि इथरनेट जोडणारा एक एक कन्व्हर्टर, काचेतून वीज जात नाही त्यामुळे वरचे दोन्ही प्रश्नच उरत नाहीत. जमिनीखालून पाईप टाकून न्या, वळणं मोठी ठेवा, आणि केबल चालू असताना टोकात डोळा घालून ‘प्रकाश येतोय का’ बघू नका. ती लोंबती जुनी वायर मात्र दोन्हीकडून सोडवून काढून टाका, वापरात नसली तरी वीज तिच्यावरून आत येऊ शकते.